हळकुंडाचा दोरा

माझ्या थोरल्या सुनेच्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

गावात अजून त्याचीच चर्चा होते. आज सुवर्णाला जाऊन एक वर्ष झाले. तेव्हा जे घडले ते घरातल्याच माणसाने सांगावे, हे बरे.

सुवर्णाला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार होता. यात शरीराची संरक्षक शक्ती उलटते आणि मेंदूतील नसांवरचे आवरण कुरतडू लागते.

लवळ्याच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांसाठी ती घरी मेस चालवीत असे. पोळी लाटता लाटता तिचा हात थांबे. उन्हात पाय ओढला जाई.

लोक म्हणत, आळसावली.

ती म्हणे, "आळस न्हाई वं अण्णा. इचार मधीच बसकण मारतो, म्हशीवानी. उठवावा तरी उठत न्हाई."

पुण्यातील एका रुग्णालयात अशा रुग्णांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचा अभ्यास चालू होता. सुवर्णा स्वतःहून तयार झाली. दत्ता, म्हणजे तिचा नवरा, पिरंगुटच्या कारखान्यात पाळीला होता. म्हणून तिच्याबरोबर मी गेलो.

एमआरआयच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही. परिचारिकेने मंगळसूत्र काढण्यास सांगितले.

मी भिंतीकडे तोंड केले.

सुवर्णाने घरूनच पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून आणले होते. ते तिने गळ्यात बांधले, मग मंगळसूत्र काढून माझ्या हातावर ठेवले.

"धरा अण्णा. इकू नका."

दार बंद झाले. आतून यंत्राचे ठोके ऐकू येऊ लागले. मला एका जागी बसवेना.

नंतर डॉक्टरबाईंनी रंगीत चित्रे दाखविली. जिथे रक्त कमी पोहोचत होते, तो भाग निळा होता.

मी विचारले, "रक्त कमी पोहोचते म्हणून नसा बिघडतात, की नसा बिघडल्या म्हणून तिथे रक्त कमी जाते?"

त्या म्हणाल्या, "आजोबा, तेच तर शोधतोय. अजून आम्हालाही माहीत नाही."

भाताचे खाचर पिवळे पडले तर मी बांध फोडून पाहू शकतो. इथे कुठला बांध फोडणार? त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, ताडून पाहण्यासाठी निरोगी बायकाही लागतात. साधारण याच वयाच्या. कोणी सहसा येत नाही.

सुवर्णा लगेच म्हणाली, "आमची मंगल हाय की."

मंगल माझी धाकटी सून. घरी येऊन सुवर्णाने सांगताच तिने हातातले लाटणे खाली ठेवले.

"मी न्हाई यायची ताई. गळ्यातलं काढून त्या नळीत निजू? जित्या नवऱ्याची बाई हाय मी."

"मग माझा काय मेलाय व्हय? हळकुंड बांधायचं आन निजायचं."

"आन माझ्याबी डोक्यात काय निघालं तर?"

"निघालं तर दोघी मिळून गोळ्या खाऊ. मला एकटीला लई कंटाळा येतो."

मंगल हसली. गेली मात्र नाही.

सुवर्णा विचारीत राहिली. भाजी निवडताना, डबे भरताना, पुढे अंथरुणाला खिळल्यावरही. शेवटी तिला न्यूमोनिया झाला. बोलताना धाप लागत होती, तरी तिने मला विचारले, "गेली का वं मंगल?"

मी म्हणालो, "जाईल."

दुसऱ्या दिवशी सुवर्णा गेली.

दहाव्याला आम्ही नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते. खाली एकही येईना.

दत्ता हात जोडून म्हणाला, "पोरीला शिकवीन. तू म्हणशील तितकं."

कावळा आला नाही.

तिची बहीण म्हणाली, "आईला मी सांभाळीन."

कावळा आला नाही.

लोक माझ्याकडे पाहू लागले. तिची इच्छा काय होती, हे मला ठाऊक होते. परंतु सुनेला मंगळसूत्र उतरव, असे सासऱ्याने चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगावे? मी उठलो, दोन पावले गेलो, परत येऊन बसलो.

तेवढ्यात बायकांतून मंगल पुढे आली. पदर सावरून पिंडासमोर बसली.

"ताई, मी जाते. गळ्यातलं काढून जाते. आता तरी ये."

सगळे बाभळीकडे पाहू लागले.

कावळा आला नाही.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मागून कोणी बाई म्हणाली, "तिला पटलं न्हाई वाटतं."

मंगल वळून म्हणाली, "पटू दे न्हाईतर न पटू दे. मी बोलले ते बोलले."

आणि ती पुण्याच्या रुग्णालयात गेली. तिचा नवरा, माझा धाकटा मुलगा, लोकलाजेस्तव आला नाही. पुन्हा मीच गेलो. तोच बाक, तेच दार. मंगलने पिवळा दोरा बांधला आणि मंगळसूत्र माझ्या हातावर ठेवले.

"धरा अण्णा."

मी म्हणालो, "इकत न्हाई."

मंगलला काही कळले नाही. ती आत गेली. ठोके सुरू झाले आणि मी मूठ आवळून येरझाऱ्या घालू लागलो.

तिच्या डोक्यात काही निघाले नाही.

आधी रक्त कमी होते की आधी नसा बिघडतात, हे परवा पुन्हा डॉक्टरबाईंना विचारले. एका-दोघींच्या चित्रांवरून ते सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या. आणखी पुष्कळ बायका लागतील. हे ऐकून मंगलने काल शेजारच्या दोघींना गाठले. त्या म्हणाल्या, "गळ्यातलं काढायचं?" मंगलने त्यांना हळकुंड दाखविले.

आज वर्षश्राद्धाचा घास छपरावर ठेवला आहे. मी वर पाहिलेले नाही.

सासऱ्याने सुनेच्या पाया पडू नये, अशी आमच्याकडे रीत आहे.

सुवर्णा, तुझ्या फोटोपुढे आज मी वाकलो. घरातल्या सर्वांनी पाहिले.