गोष्ट संपेपर्यंत

बाबा दोन महिन्यांसाठी माझ्याकडे परदेशात, ॲडम्सटाउनला आले आणि साथीमुळे विमानं बंद झाली. जून उजाडला तरी ते इथेच. मी जेवणाच्या टेबलावर ऑफिसचं काम करायचे आणि पलीकडे बसून ते माझ्या मुलीला त्यांच्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगायचे.

कॅमेरा काडेपेटीएवढा. युद्धानंतर जपानमधल्या एका छोट्या कारखान्याने बनवलेला, बाबांच्या मामांनी बोटीवर नोकरीला असताना आणलेला. लग्न ठरल्यावर बाबांनी त्यात आईचा फोटो काढला होता. फिल्म इतकी अरुंद, की पुण्यातल्या सगळ्या स्टुडिओंनी ती परत केली. मग राहिलीच. मी कॉलेजात असताना आई गेली. तिचा लग्नाआधीचा दुसरा फोटो नाही.

"इथे धुऊन देणारे आहेत, पोस्टाने पाठवू," मी म्हटलं.

"तुझ्या आईला पोस्टात टाकतेस?"

मग घरीच धुवायचं ठरलं. रसायनं मागवली. अडचण अंधाराची. इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, मग रस्त्यावरचे दिवे, आणि आमचे पडदे म्हणजे नावाला पडदे.

"आजोबा, यूज द हॉट प्रेस!" मुलगी म्हणाली.

"इस्त्री करायची की काय फिल्मला?"

ती त्यांना हाताला धरून वर घेऊन गेली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. आमचे टॉवेल तिथे असतात. खिडकी नाही, एक माणूस कसाबसा मावतो. बाबांनी आत हात घालून पाहिला. "हा तर भट्टीचा भाऊ आहे."

मी गरम पाणी बंद केलं, टॉवेल बाहेर काढले, आतल्या स्विचवरच्या कायम जळणाऱ्या लाल दिव्यावर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी टाकी गार झाली. बाबांचे हात थरथरतात, म्हणून आत मी गेले. आइस्क्रीमच्या डब्यात डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन. फिल्मची दोन्ही टोकं धरून ती त्यातून खालीवर फिरवायची. मुलगी बाहेर फोनवर वेळ लावून बसली. बाबांनी दाराच्या फटीला टॉवेल लावला.

"तू घाई करतेस," ते बाहेरून म्हणाले. "मी गोष्ट सांगतो. संपेपर्यंत हलवत राहा."

गोष्ट मला पाठ होती. सात-आठ माणसांचा कारखाना. मसुराच्या डाळीएवढं भिंग. कॅमेऱ्यावर 'व्याप्त जपान' असा छाप, कारण देश तेव्हा अमेरिकन सैन्याच्या ताब्यात. अमेरिकन सैनिक पोरांना खेळणं म्हणून घेऊन जायचे, आणि खेळणं म्हटलं की मालकाला राग यायचा. मग मागणी वाढली, खोकी भरभरून माल गेला. गोष्ट नेहमी इथेच संपायची.

"टू मोअर मिनिट्स, आजोबा. व्हॉट हॅपन्ड टू युअर मॅन?"

"माझा कसला माणूस?"

"द कॅमेरा फेला!" इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो बुवा'.

बाबा पुढे सांगू लागले. "मग सैनिक घरी गेले. मोठ्या कंपन्यांनी चांगले कॅमेरे स्वस्त केले. कारखाना बंद पडला. पण याची फिल्म दुसरं कोणी करत नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकांचं अडायला नको म्हणून मालक मोठी फिल्म घ्यायचा आणि अंधारात बसून एकटाच कापायचा. मामांना शेवटचं रीळ त्याने दिलं. तेच हे."

"हे कधी सांगितलं नाहीत?" मी आतून विचारलं.

"शेवट आहे तो. हात चालू ठेव."

चालूच होते. दंड भरून आले होते.

पाण्यातून, मग चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमधून काढून फिल्म बाहेर आणली तेव्हा ती जवळजवळ सगळी काळी होती. बाबांनी पाहिली आणि खुर्चीवर बसले. मी टोकाकडचा तुकडा खिडकीशी धरला. नखाएवढ्या चौकोनात कोणीतरी उभं होतं, एक हात पुढे केलेला, नको म्हणत असल्यासारखा. निगेटिव्ह, म्हणून सगळं उलटं: चेहरा काळा, केस पांढरेशुभ्र.

मुलीने फोन काढला. "आय कॅन इन्व्हर्ट इट, आजोबा. टेक्स वन सेकंद."

बाबांनी चष्मा वर केला, तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि खूप वेळ पाहत राहिले.

"थांब जरा," ते म्हणाले. "म्हातारी झाली असती तर अशी दिसली असती."

मी फिल्म चिमट्याने हॉट प्रेसच्या दांडीला वाळत लावली. टॉवेल त्या दिवशी बाहेरच राहिले.