चार दिवसांची हजेरी

बायको मुलीची दृष्ट काढायला बसली की मी तिची हमखास थट्टा करतो. स्वभावच तसा आहे माझा. त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटतेय… पण लिहितो.

मी दुबईतल्या अल क्वोज भागात एका एसी डक्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे, राहतो अजमानला. गेल्या मार्चमध्ये एका रविवारी दुपारी नाशिकहून आईचा फोन आला — बाबा आयसीयूत. मॅनेजरला फोन करून रजा मागितली.

"हबीबी, थर्सडे को टेंडर है. उसके बाद जाओ, इन्शाल्ला."

न सांगता गेलो तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर व्हिसा. बायको-मुलगी माझ्याच व्हिसावर, त्यात मुलीची दहावीची परीक्षा चालू. बायको म्हणाली, "तू जा. पुढचं पुढे बघू." मी फोन बंद केला आणि शारजाहून विमान पकडलं.

पोहोचेपर्यंत बाबा गेले होते. एकुलता एक मी. मुंडण केलं, अग्नी दिला, आणि दहावा चुलतभावावर सोपवून निघालो. याचं अजून वाईट वाटतं.

शुक्रवारी सकाळी राजीनामा खिशात घालून ऑफिसला गेलो. मॅनेजर माझ्या डोक्याकडे बघतच राहिला.

"कल शाम तक तो बाल थे?"

मला वाटलं टोमणा मारतोय. पण तो म्हणाला, टेंडर वेळेत गेलं, आता दोन दिवस आराम कर.

आमचं हजेरीचं मशीन चेहरा बघून नोंद करतं. नोंदी उघडून पाहिल्या: सोमवार ते गुरुवार, रोज साडेसातला माझी नोंद, फोटोसकट. फोटोत मीच, केसांसकट. पासपोर्टवर त्याच दिवसांचे मुंबईचे शिक्के. आणि टेंडरच्या शीटमध्ये माझ्या लॉगिननं केलेलं काम, एकही चूक नसलेलं — इतकं नीटनेटकं मी जन्मात केलेलं नाही.

शेजारच्या टेबलावर रत्नागिरीचे शब्बीरभाई बसतात. त्यांना काही न सांगता विचारलं, "या आठवड्यात मी कसा होतो हो?"

"गप्प गप्प होतास. काल जाताना मात्र माझा हात धरलास. म्हणालास, आता माझं येणं व्हायचं नाही, माझ्या मुलाकडे लक्ष ठेवा. तुला तर मुलगीच ना रे?"

मी तिथंच खुर्चीत बसून रडलो, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. उलगडा आजही झालेला नाही… आणि खरं सांगू? मी तो कुणाला विचारतही नाही.