रेडिओवाले म्हात्रे सर

म्हात्रे सरांची आणि माझी पहिली भेट पनवेलपासून फार दूर, रडार संशोधनाच्या प्रयोगशाळेत झाली. कॉन्व्हेंटमध्ये घोटलेल्या इंग्रजीत मी अडखळत माझी ओळख करून दिली. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “पनवेलची ना गो तू? मग मराठीत घाबर.” मला हसू आलं आणि भीती गेली.

रडारच्या पडद्यावर विमानाबरोबर डोंगर, इमारती, सारंच उमटतं. जे हलत नाही ते पुसायचं आणि हलणारं तेवढं ठेवायचं, हे सरांचं जन्मभराचं काम. पण पुसण्याआधी ते आम्हाला समोरच्या डोंगराचं नाव विचारत. ठाऊक नसेल तर जवळच्या गावात जाऊन विचारून यायला लावत. “ज्याला पुसायचं त्याची ओळख तरी ठेवा,” म्हणत.

कामाबद्दल घरी बोलायचं नाही, असा नियम होता. सरांनी तो इतका पाळला की पनवेलजवळच्या ओवे गावातल्या त्यांच्या आईंना रडार म्हणजे रेडिओच वाटे. सर सुट्टीवर आले की शेजारपाजारचे बिघडलेले रेडिओ ओटीवर मांडलेले असत. एकदा मीही तिथे होते. “माजा पोरगा सरकारचे रेडिओ दुरुस्त करतो,” आई मला सांगत होत्या. “कुठं गाणं लागलं का वाटतं, यानंच लावलं.” सर मान खाली घालून तारा जोडत राहिले.

निवृत्तीनंतर, त्यांनी घडवलेलं एक रडार लोकांना बघायला ठेवलं गेलं. तोवर आई गेल्या होत्या. ते पाहून सर पनवेलला खांदा कॉलनीत माझ्या घरी आले. “रडार म्हणजे काय, एवढं सांगायला बंदी नव्हती गो,” ते म्हणाले. “नंतर सांगू, म्हटलं. आई कुठे जाणार होती? ओव्यातच तर होती, जागची हलली नाही.” पुढ्यातला चहा तसाच निवला.

सरांच्या धाकट्या भगिनी काशीताई अजून ओव्यात असतात. सरांच्या पंच्याहत्तरीच्या समारंभाचं कळवायला मी फोन केला, तर म्हणाल्या, “दादाचा सत्कार? रेडिओवाल्यांचा पण करतात?”

सर, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हीच आम्हा सर्वांची प्रार्थना. पण काशीताईंना सांगायला शंभरीची वाट पाहू नका. या रविवारीच ओव्याला जाऊ. मी सोबत येते. चहा गरम आहे तोवर सांगून टाका.