दादाच्या शिरेतलं जेवण

दवाखान्यात महिनाभर बसलं की किस्से आपोआप साचतात. दादाला जाऊन पंधरा दिवस झाले. रडू आवरलं की एखादा किस्सा आठवतो, आणि पुन्हा रडू येतं!

मलकापूरला दादाचं आतडं कापावं लागलं. तोंडाने पाणीही बंद. सगळं जेवण शिरेतून, दुधासारखं पांढरं, पिशवीतून.

"याच्यात काय हाय?" मी सिस्टरला विचारलं.

"अमिनो ॲसिड, साखर, तेल."

ॲसिड! मी नळीच धरली. सिस्टर ओरडली, "सोड आधी! वरण खाल्लं की पोट डाळीचं हेच करतं. त्याचं पोट थकलं, म्हणून आयतं देतोय."

मी चौथी नापास. डाळ एवढी बारीक होते, हे मला कोण सांगणार?

*

पिशवीवर नेहमी काळं कव्हर. आई खूश! "बरं केलं बाई, भरल्या ताटाले नजर लागते."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, नजर नाही, उजेड लागतो. त्याने आतलं तेल आणि व्हिटॅमिन खराब होतं."

"मंग मी काय येगळं म्हनलं?"

*

दादा जेवल्याशिवाय आई जेवायची नाही. पिशवी तर चोवीस तास चालायची! दुसऱ्या दिवशी तिला चक्कर आली. दादा म्हणाला, "आई, पंगत चालू हाय. बस माह्याजवळ."

तेव्हा कुठे तिने घास घेतला.

*

डॉक्टर म्हणाले, "आजारात शरीर आतून गंजतं."

मी वेल्डिंगवाला, लोखंड गंजू नये म्हणून रोज लाल रंग मारणारा. "मंग रेड ऑक्साईड मारा ना!"

ते हसले. पिवळं व्हिटॅमिन दाखवत म्हणाले, "हेच ते, गंज रोखणारं अँटिऑक्सिडंट. असं काही शरीर स्वतःही बनवतं, याच अमिनो ॲसिडपासून."

ज्या विटांनी घर, त्याच विटांचा चौकीदार! मी पिशवीकडे बघतच राहिलो. मग विचारलं, "अन् गंज आरपार गेला तं?"

डॉक्टरांनी पिशवीचं कव्हर सरळ केलं. आरपार गंजलेल्या पत्र्याला टाका बसत नाही, हे वेल्डिंगवाल्याला काय सांगायचं?

*

शेवटच्या दुपारी ताप उतरेना. दादा म्हणाला, "डबा उघड."

"तुले चालत नाही."

"मले नाही बे, तू खाय. मी पाहतो."

भाकर, ठेचा. पहिला घास कितीतरी वेळ चावला.

"तिखट हाय?"

"हाव."

"पानी पे."

मी प्यायलो. दादाने हाताच्या पालथ्या बाजूने स्वतःचे ओठ पुसले.