मैयाच्या आसनाखालची बॅटरी

घमापुरात भाऊराव बॅटरीवाल्याचं दुकान कोणालेबी विचारा, बोट दाखवंल. भाऊराव गेले, पाटी तीच राहिली, अन् पाटीखाली बसते त्यायची पोरगी शकु. लहानपणी तिचा एक फ्रॉक धड नव्हता, तेजाबाच्या थेंबानं जिकडंतिकडं भोकं. माय ओरडे, "काहून वं, तुझं काय ठेवलंय दुकानात?" शकु म्हणे, "बॅटऱ्या!" दुसऱ्या पोट्ट्या बाहुलीले दूध पाजत, अन् ही बॅटरीले डिस्टिल वॉटर पाजे.

लगीन झालं त्याच शहरातल्या गोरखपुर मोहल्ल्यातल्या रामकृष्ण मास्तरसोबत. मास्तर भला माणूस, आवाज न करणारा. आवाजाचं सगळं काम त्याची माय अंजनीबाई करे. पहिल्याच दिवशी तिनं सुनेचे हात उलटेपालटे करून पाहिले. "हे हात मेंदीचे आहेत का गॅरेजचे?"

शकु हसून म्हणाली, "आई, दोन्हीकडं चालतात."

उत्तर काही सासूले आवडलं नाही. पुढं कितीतरी वर्षं तिनं सुनेले 'बॅटरीवाली'च म्हटलं, अन् शकु 'ओ आई' म्हणून हाकेले धावली.

अंजनीबाईची एकच आस होती. नर्मदा मैयाची परकम्मा करायची. पण तिले साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ सुई. सुईचं औषध थंडीत राहिलं तर औषध, नाहीतर पाणी. अन् मास्तरले सुट्टी वैशाखातच. वैशाखात मैयाच्या काठानं जायचं म्हणजे तव्यावरून जायचं. डॉक्टर नाही म्हणाला, नातेवाईक नाही म्हणाले. अंजनीबाई भिंतीकडं तोंड करून निजली.

शकु म्हणाली, "मी नेते."

तिनं लिलावातली जुनी फौजी गाडी घेतली, चारही चाकं ओढणारी, रेतीत फसली तरी निघणारी. आत दोन बाकडे, एक पंखा, एक पेटीएवढा फ्रीज. अन् फ्रीजसाठी दोन जास्तीच्या बॅटऱ्या, गाडीच्या बॅटरीपासून वेगळ्या. मध्ये तिनं एक खटका बसवला.

मास्तरनं विचारलं, "हा काहून?"

"तुमी देवाले नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवता का? तसंच. इंजन चालू झालं की पहिले गाडीची बॅटरी जेवते. तिचं पोट भरलं की खटका टक करून लागते अन् या दोघी जेवतात. इंजन बंद, की खटका सुटला. रात्रभर फ्रीज चालला तरी सकाळी गाडी सुरू व्हायचं टेन्शन नाही."

दोन्ही बॅटऱ्या बाकड्याशेजारच्या लाकडी पेटीत बसवल्या. भरताना बॅटरीतून वाफ निघते, म्हणून झाकणाले भोकं पाडली. पेटी उंच, स्वच्छ. शकुले वाटलं, सासूले खुश करावं. म्हणाली, "आई, मैयाची बाटली इथं ठेवा. तुमचं देवघर."

परकम्मेत मैयाचं जल बाटलीत सोबत असते. रोज तिची पूजा, जमिनीवर टेकवायची नाही. अंजनीबाईनं लाल कापड अंथरलं, बाटली बसवली अन् पहिल्यांदा सुनेकडं पाहून मान हलवली. शकुले तेवढंच पुष्कळ झालं.

शहरातल्या ग्वारीघाटाहून निघाले. अमरकंटक झालं, उगमाले वळसा घालून दक्षिण तटाले लागले. मैया सदा उजव्या हाताले. नियम दोन: मैया ओलांडायची नाही, अन् मागं फिरायचं नाही. रोज सकाळी अंजनीबाई बाटलीले स्नान घाले, दूध, साखर, कुंकू, आरती. सगळं मजेत चालू होतं.

अन् एका दुपारी फ्रीज गप झाला.

गाव लहान, हातपंप अन् चहाची टपरी. शकुनं बोनट उघडलं. डायनमो ठीक, पट्टा ठीक, तारा ठीक. टपरीवाला म्हणाला, "दीदी, पुल पार कर लो, उधर बैटरी की बड़ी दुकान है." मग त्याचं लक्ष अंजनीबाईच्या परकम्मेच्या पांढऱ्या लुगड्याकडं गेलं. "अरे, परकम्मा वाले हो! फिर तो नहीं."

"मागच्या गावात?" मास्तर म्हणाला.

"मागं नाही," अंजनीबाई म्हणाली. "पुलावरूनबी नाही. औषध खराब होत असंल तर होऊ दे. सुईबिना जाईन, पण परकम्मा खंडित नाही करायची."

"सुईबिना तुमी पुढच्या घाटापर्यंतबी पोचणार नाही," शकु म्हणाली. तिनं औषधाच्या शिश्या ओल्या फडक्यात गुंडाळून सुरईत सोडल्या. सुरई किती वेळ साथ देणार? ऊन तर असं, की टपरीचा पत्रा कडकड वाजून राहिला होता.

खाली वाकून पाहता पाहता तिले पेटीच्या फळीवर एक ओघळ दिसला. वाळलेला, थोडा हिरवा, थोडा लाल. लाल म्हणजे कुंकू. तिच्या डोक्यात टक झालं. पूजेचं पाणी! रोज सकाळचं दूध-साखरेचं पाणी वाफेच्या भोकांतून थेट बॅटरीच्या टोकांवर. टोकांवर मीठ चढलं असंल, मग खटका लागून काय फायदा? भोकं तिनंच पाडली, अन् जागाबी तिनंच दाखवली.

"आई, मैयाले उचलावं लागते. पेटी उघडायची आहे."

"आसन नाही हलत. परकम्मा संपेपर्यंत नाही."

"चूक माझी आहे. मीच चुकीच्या जागी बसवलं."

"मग चुकीच्या जागीच राहू दे!"

मास्तर चहाच्या गिलासात पाहत बसला. शकु सासूच्या पायाशी बसली. "आई, मैया तर वाहती आहे. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत एका जागी बसली का ती कधी? तिले तुमी बसवलं. आता तुमीच घ्या मांडीवर."

अंजनीबाईनं मैयाले हात जोडले. मग लाल कापडासकट बाटली उचलली, छातीशी धरली. "नर्मदे हर. कर तुझं काम, बॅटरीवाली."

पेटी उघडली. टोकांवर फुलकोबीसारखं पांढरं-हिरवं चढलेलं. शकुनं टपरीवाल्याकडून उकळतं पाणी अन् खायचा सोडा घेतला. तारा सोडवल्या, सोड्याचं पाणी टाकलं, फस्स करून फेस आला. चाकूनं खरडलं, पुसलं, तारा परत कसल्या, वरून व्हॅसलीन चोपडलं. मास्तरले म्हणाली, "मारा चावी."

इंजन गुरगुरलं. सगळे पेटीकडं वाकले. टपरीवालाबी किटली धरून उभा.

टक.

थोड्या वेळात फ्रीज घरघरू लागला.

"आता गाडी थांबवायची नाही," शकु म्हणाली. "घाटोघाट उतरलं तर बॅटऱ्यायचं पोट भरत नाही."

"मग उतरते कोण?" अंजनीबाई म्हणाली. "मैया माझ्या मांडीवर आहे. दर्शन चालूच आहे."

असं ती उरलेली पूर्ण परकम्मा बाटली मांडीवर घेऊन बसली. झोपली तरी हात बाटलीवर. पाय सुजले, तक्रार नाही. ग्वारीघाटाले उतरल्यावर बाया पाया पडायले आल्या, म्हणाल्या, "अंजनीबाई, मोठं पुण्य कमावलं." तर म्हणते, "अर्धं हिचं. हिनं चार्ज केलं."

आता अंजनीबाई रोज दुपारी घमापुरात येते, स्टुलावर बसते. कोणी इन्व्हर्टरची बॅटरी न्यायले आलं की शकुच्या आधी तीच विचारते, "क्यों भैया, इसके ऊपर भगवान तो नहीं बिठाओगे?" गिऱ्हाईक बावरते. शकु म्हणते, "आई, जाऊ द्या न."

"काहून जाऊ द्या? तू सांगत नाहीस, म्हणून मले सांगावं लागते. तुले तर कोणाले नाही म्हणताच येत नाही!"