थुंकायची बादली

नागपुरात छोट्या वाइनवाल्यांचा मेळा भरतो म्हटलं की मी हातातली कामं टाकून पळते. वाइनमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण तिथं ती करणारा माणूस स्वतः ओतून देतो आणि आपण पहिला घोट घेईपर्यंत दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखा बघत राहतो. तो चेहरा बघायला मला फार आवडतं.

यंदा तिथं माझ्या मामेभावाचं टेबल होतं. काटोलला घरच्या संत्र्यांची वाइन करतो. मामानं जन्मात दारूला हात लावलेला नाही, म्हणून पोराच्या शेडमध्येही कधी पाऊल टाकलं नव्हतं. बापानं एकदा येऊन बघावं, एवढीच भावाची इच्छा. मामीनं जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा कुठे मामा माझ्या स्कूटीवर बसला.

मेळ्यात तो प्रत्येक टेबलापाशी गेला आणि वाइन सोडून सगळं विचारत सुटला. झाडं किती, पाणी विहिरीचं का बोअरचं? नाशिककडचा एक द्राक्षवाला तर गिऱ्हाईक सोडून त्याच्याशी फवारणीवर बोलत बसला. पोराच्या टेबलापाशी मात्र मामा पाठ करून उभा राहिला.

तेवढ्यात तिथं एक जाणकार आले. ग्लास फिरवला, वास घेतला, घोट तोंडात खळखळवला आणि बाजूच्या बादलीत पच्चकन थुंकले. दिवसभर चाखायचं म्हणून हे लोक थुंकतात, हे मला ठाऊक होतं. मामाला कुठून असणार? त्याची हयात कळमन्याच्या फळबाजारात संत्री विकण्यात गेली. तिथं व्यापाऱ्यानं फोड थुंकली की सौदा मोडला.

"काहून जी, माह्या पोराच्या मालात किडा निघाला का?" मामा गरजला.

जाणकार दचकले. "नाही हो, उत्तम आहे!"

"मंग थुंकून काहून राहिले?"

उत्तराची वाट न बघता मामानं टेबलावरचा ग्लास उचलला आणि घटाघटा रिकामा केला. भाऊ बाटली धरून तसाच उभा. मामानं डोळे मिटले, तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे," तो म्हणाला. "पन थुंकून टाकावी अशी नाही."

मग त्यानं बादली मागे नेऊन रिकामी केली, पालथी घातली आणि तिच्यावरच ठाण मांडलं. थुंकायची सोयच संपली. संध्याकाळपर्यंत सगळ्यात मोठा हशा आमच्याच टेबलावर होता. जाणकार तर तिथून हलेचनात. भाऊ ओतता ओतता बाहीनं डोळे पुसत होता, आणि नवं गिऱ्हाईक आलं की मामा बादलीवरून दम देत होता,

"माह्या पोरानं केली आहे. गिळा!"