छापलेलं तपासून घेणारे मामा

छापील शब्दाच्या इतकं हात धुऊन मागे लागणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांशिवाय दुसरा झाला नसेल, आणि होऊ नये अशी मामींची देवापाशी मागणी आहे. मामा सूसजवळच्या चांदे गावात राहतात, शेळ्या पाळतात आणि जे वाचतात ते तपासून घेतात. जवळचा एक गड तासाभरात चढून होतो असं कुठेसं वाचल्यावर शेळ्या शेजाऱ्याच्या गळ्यात मारून ते गडावर गेले, आणि दुपार कलल्यावर माथ्यावर बसून त्या लेखकाचा यथेच्छ उद्धार करून आले. धुरानं मधमाश्या शांत होतात, हे वाक्य तपासल्यावर आठवडाभर ते एकाच डोळ्यानं वाचत होते. दुसरा उघडतच नव्हता.

अशा माणसाच्या हातात मी आमच्या सूसच्या सोसायटीतल्या आजोबांचं पुस्तक दिलं. आजोबा नौदलातले. तरुणपणी लढाईत शत्रूच्या पाणबुडीनं त्यांचं जहाज बुडवलं आणि रात्रभर समुद्रात तरंगून ते वाचले, त्याची ही हकिकत. मामा पेटलेच. हल्ल्याचं प्रकरण त्यांनी गोठ्यात उभं राहून इतक्या खणखणीत आवाजात वाचलं की दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या. ऑफिसात मीटिंग चालू असताना मला फोन येऊ लागले. जहाज कललं, दिवे गेले, आता आजोबांनी उडी टाकली! जणू मीच किनाऱ्यावर कंदील घेऊन उभा होतो. मग एका दुपारी फोनवरचा आवाज बदलला. जहाजावरचा एक तरुण आचारी आजोबांबरोबर एकाच फळीला धरून होता. दोघांनी एकमेकांचं मनगट पकडलं होतं. पहाटे आजोबांच्या हातात ते मनगट नव्हतं. कधी सुटलं कळलं नाही, एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

मामांना हे काही केल्या पटेना.

"धरलेला हात जातो आन् कळत न्हाई व्हय? यांनीच सोडला असंल, जावईबापू. मी येतोय रविवारी. इचारतोच त्यास्नी."

ऐंशी ओलांडलेला माणूस, जन्मभर ती एकच पहाट उराशी घेऊन बसलेला, आणि त्याच्या दारात मामा जाब विचारायला! मी घाईघाईनं म्हटलं, मामा, आधी तपासून तरी घ्या. हे त्यांना एकदम पसंत पडलं.

रविवारी सकाळी, ऐन थंडीत, मी आणि मामा फळी म्हणून दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन एकत्र बांधून कासारसाईच्या धरणात उतरलो. एरवी जावयाला पाण्याचा तांब्याही स्वतःच्या हातानं घेऊ न देणारा माणूस मला पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात ओढत होता. काठावर मामी टॉवेल घेऊन उभ्या होत्या आणि दोघांचीही अक्कल काढत होत्या. मामांनी माझं मनगट धरलं. माजलेला बोकड शिंगाला धरून थोपवणारी ती पकड. आता आजोबांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. मामा भलतेच खुशीत होते. हल्ल्याचं अख्खं प्रकरण तोंडपाठ म्हणत होते, मध्येच जहाजाचा भोंगाही वाजवत होते. हळूहळू त्यांचे दात वाजायला लागले, शब्द तुटायला लागले, आणि मग भोंगाही बंद पडला. मी पाहिलं तर त्यांची मूठ तशीच घट्ट आवळलेली होती आणि माझं मनगट तिच्यात नव्हतं. केव्हा निसटलं, ते मलाही कळलं नव्हतं.

"मामा, हात?" मी म्हटलं. ते आपल्या मुठीकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर मामींनी डोकं पुसता पुसता त्यांची यथासांग हजेरी घेतली. चहा झाल्यावर मामा एवढंच म्हणाले, सूसला जाऊ. मी नको म्हणेपर्यंत ते गाडीवर मागे बसलेही होते.

आजोबांनी दार उघडलं. मी ओळख करून दिली, तेव्हा पुस्तक वाचलंत का, असं त्यांनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं. मामांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"वाचलं. तुमचा काय दोष न्हाई वो. आमाला तर हितं धरणातबी जमलं न्हाई."

आजोबांचे डोळे भरून आले. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही, चहा आला तरी नाही.